ड्रायव्हर साइड

सुर्ल्याच्या बंद खाणीवर बाबली आणि मी सहा वर्षं खपून विमान बांधलं. वर एक पंखांची जोडी, खाली एक, मध्ये ताणलेल्या तारा. इंजिन जुन्या मारुती व्हॅनचं. पंखांचं कापड बाबलीच्या बायकोने, सुमंगलाने, घरच्या मशिनीवर शिवलेलं. लोक हसायचे. हसू देत. वीस वर्षं मी खनिजाच्या ट्रकांचा फिटर, माझ्या हातचा नट कधी सैल निघाला नव्हता. गर्व होता मला, लपवू कशाला?

बाबली खाणीतला अजस्र डंपर चालवायचा, माणसाहून उंच चाकांचा. उडवायचं त्याने, जुळवायचं मी. सुमंगलाच्या माहेरावरून, मोरजीवरून, एक फेरी मारायची एवढीच त्याची हौस. पण आधी विमान सरळ उडायला हवं होतं.

पहिल्या दिवशी तो पठारावर माडाच्या निम्म्या उंचीवर उडून उतरला. "कृष्णनाथा, ड्रायव्हर सायडीन पडता रे."

खालून तसं काही दिसलं नव्हतं, कारण तो दांडा दाबून पंख सरळ धरायचा. कुठे पडतंय ते फक्त त्याच्या हाताला कळायचं. जी बाजू पडते तिथल्या पंखाची मागची तार आवळायची. पंखाची मागची कड खाली येते आणि पंख जास्त उचलतो. मी ड्रायव्हर साइडची तार दोन आटे आवळली.

"आता ज्यास्तीच पडता," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "हात भरान इलो माझो."

मी चिडलो. दोन आटे पुरले नाहीत, दुसरं काय! आणखी चार आवळले. "आता उडव," म्हटलं, "आनी फिटराक शिकव नको."

तिसऱ्या दिवशी विमान माडाच्या वर गेलं, डावीकडे कललं आणि कललेलंच राहिलं. तसंच ते खाली आलं.

तीन महिन्यांनी बाबली इस्पितळातून घरी आला. कमरेखाली आता काहीच हलत नाही. मी भेटायला गेलो. सुमंगलाने चहा आणि उंडे पाव पुढे ठेवले, माझ्याकडे न बघता.

"माझोच हात चुकलो रे," बाबली म्हणाला. "तुझा मशीन बरा होता."

भिंतीवर त्याचा फोटो होता, डंपरच्या केबिनमध्ये बसलेला. वर्षानुवर्षं बघितलेला फोटो. त्या दिवशी मात्र नजर तिथून हलेना. केबिन डावीकडे होती. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्या डंपरचा डावीकडे. अर्धं आयुष्य मी त्या डंपरांच्या शेजारून गेलोय.

मी विचारलं, "बाबली, ड्रायव्हर साइड म्हंजे खंयची रे?"

तो हसला. "फिटर तू, आनी माका इचारतस?" त्याने डावा हात उचलून दाखवला.

सहाच्या सहा आटे मी उजव्या पंखाला दिले होते.

त्याला हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. अजून उघडलेलं नाही. आणि तो मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसतो, हात आपलाच चुकला म्हणून.