मंजुरीनंतरचं पान

"मंजुरी दिल्यानंतर या पानावर कुणालाही काहीही लिहिता येत नाही. सबब हा आकडा नर्सनेच भरलेला आहे."

ही दोन वाक्यं माझी. खाली सहीही माझीच. कंपनीच्या लेटरहेडवर ती हॉस्पिटलला गेली आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या एका नर्सला निलंबित केलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई. ताशी चार मिलिलिटरनं द्यायचं औषध चाळीसनं गेलं होतं, पेशंट मरता मरता वाचला होता आणि मशीनच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं, चाळीस. गुरुवारी तिची चौकशी होती. त्यात दोषी ठरली असती तर नोकरी आणि नर्सिंगचा परवाना दोन्ही गेलं असतं.

नळीतून औषध सोडणाऱ्या त्या पंपाचं कर्नेल मी लिहिते. कर्नेल म्हणजे मशीनमधल्या सगळ्या प्रोग्रॅमवरचा मुकादम. मेमरीचं कुठलं पान कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी त्यावर लिहायचं, हे तो ठरवतो. नर्सनं आकडा भरून हिरवं बटण दाबलं की ते पान तो 'फक्त वाचा' करून टाकतो. मग खुद्द कंपनीच्या मालकाचा प्रोग्रॅम आला तरी तिथं काना-मात्रा बदलू शकत नाही. सात वर्षं मी हे छाती पुढे काढून सांगत आले. ऑफिसात मला खडूस म्हणतात ते काही उगाच नाही.

सोमवारी ती नर्स स्वतःच ऑफिसात आली. रिसेप्शनवाल्यांनी तासभर बसवून ठेवली, तरी हलेना. शेवटी तिला वाटेला लावायला मी खाली गेले.

"ते पत्र तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"मी चार भरला होता. दोनदा वाचला. हिरवं बटण दाबलं. तेवढ्यात शेजारच्या बेडवरून हाक आली. परत आले तर स्क्रीन झोपली होती. बोट लावून जागी केली, तेव्हासुद्धा चारच होता. मग मी निघाले. हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. वाचलंत?"

नव्हतं वाचलं. मी मशीनची नोंद वाचली होती, माणसाची कशाला वाचू? पण हे कबूल करेन तर मी कसली. मी म्हटलं, "मशीनचं तुमच्याशी काही वैर नाही, बाई."

"माझंही मशीनशी नाही," ती म्हणाली. तिनं आपल्या जबाबाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

जिन्यातच मी ती झेरॉक्स वाचली आणि 'स्क्रीन झोपली' या दोन शब्दांपाशी अडकले. ते झोपवणं माझंच होतं. बॅटरी लवकर संपते अशा तक्रारी होत्या, म्हणून गेल्या वर्षी मी स्क्रीनबरोबर प्रोसेसरचा एक भागही झोपवायला लागले. बॅटरी चाळीस मिनिटं जास्त चालली. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

रात्री जेवताना आईला हे सांगितलं. आईनं तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली आहेत, त्यामुळे पान मंजूर झाल्यावर त्याला हात लावायचा नाही हे तिला शिकवावं लागत नाही.

"प्रोसेसरमध्ये दोन कामगार आहेत समज," मी म्हटलं. "दर वेळी मुकादमाला विचारत बसलं तर कामाचा खोळंबा होतो. म्हणून कुठल्या पानावर लिहायची मुभा आहे, याची चिठ्ठी दोघं आपापल्या खिशात ठेवतात. मुभा काढली की मुकादम दोघांना सांगतो, चिठ्ठी फाडा."

"आणि एखादा झोपला असेल तर?"

"त्याला उठवत नाही. झोपताना चिठ्ठी आपोआप फाटते."

"कोण फाडतं?"

माझा घास हातातच राहिला. जुन्या चिपमध्ये फाटायची. झोपली की ती सगळंच विसरायची. पण वर्षभरापूर्वी चिप बदलली होती. नवीची झोप सावध, ती काहीच विसरत नाही. तिचं मॅन्युअल नऊशे पानांचं, आणि त्यातला झोपेचा भाग मी 'हे तर माहीतच आहे' म्हणून चाळला होता. इतरांनी असं केलं की मी त्यांना फाडून खाते.

"मग त्या नर्सला सांगितलंस का?" आईनं विचारलं.

"अगं, आधी सिद्ध तर करू दे."

"तिला दोषी ठरवलंस तेव्हा सिद्ध केलं होतंस?"

मला राग आला. आईचा नाही.

मंगळवारी सकाळी मी टेस्टिंगवाल्या मास्तरांना गाठलं. मास्तर हे त्यांचं टोपणनाव. प्रत्येकाच्या चुका लाल पेनानं काढतात म्हणून पडलेलं. त्यांच्या टेबलावर पंप, पंपात पाणी, नळीखाली मोजपात्र. चार भरायचा, हिरवं बटण दाबायचं, स्क्रीन झोपू द्यायची, बोट लावून उठवायची. पुन्हा तेच. दुपारच्या चहापर्यंत दोनशेवर खेपा झाल्या आणि पंप शहाण्यासारखा चार-चार करत राहिला.

"तुमचं पत्रच बरोबर दिसतंय," मास्तर म्हणाले.

"गप्प बसा आणि बोट लावा."

दोनशे सहासष्टाव्या खेपेला मोजपात्रात थेंबामागून थेंब पडायला लागले. स्क्रीनवर चाळीस. नोंदीतही चाळीस, कारण नोंद त्याच पानावरून उतरवली जाते. प्रकार सरळ होता. पंपाची स्वतःची तपासणी करणारा, दुसऱ्या कामगारानं चालवायचा एक प्रोग्रॅम आहे. तो आपला चाचणीचा आकडा, चाळीस, आधी त्या पानावर लिहायचा. मग पान नर्सच्या आकड्याला दिलं जायचं, मुभा काढली जायची, पण झोपायची तयारी स्क्रीन मिटण्याआधीच सुरू होते; तेवढ्यात झोपलेल्या त्या कामगाराच्या खिशात जुनी चिठ्ठी तशीच. जागा झाल्यावर तो कधीतरी तपासणीचं उरलेलं काम पुरं करायला जायचा आणि मंजूर पानावर खुशाल चाळीस लिहायचा.

मास्तरांनी पंप बंद केला. मग म्हणाले, "तुम्ही हे कुणालाही न सांगता दुरुस्त करू शकता. कळणार नाही कुणाला." लाल पेनाच्या माणसानं असं म्हणावं याचंच मला नवल वाटलं.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. झोपलेला जागा झाला की आधी खिसा रिकामा करायचा, मग कामाला हात. बॅटरी नऊ मिनिटांनी कमी. बस.

घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढं. आमच्यात रीत आहे, दुरुस्तीबरोबर एक टिपण जोडायचं. काय बिघडलं होतं, कधीपासून, कुणाच्या बदलामुळे, आणि शेवटची ओळ, दोष कुणी कळवला. दहा वर्षांनी कुणी प्रोग्रॅममधली अमुक ओळ का आहे म्हणून विचारलं तर टिपणानं उत्तर द्यावं. मी लिहिलं, माझ्या गेल्या वर्षीच्या बदलामुळे. आणि शेवटच्या ओळीत त्या नर्सचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

बुधवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं.

"दुरुस्ती उत्तम आहे. टिपण बदला. 'बॅटरीविषयी किरकोळ सुधारणा' एवढंच ठेवा."

"आणि नर्स?"

"नर्सचं तिचं हॉस्पिटल बघेल. दोन महिन्यांत नवं व्हर्जन सगळीकडे जाईल, पुन्हा कुणाला त्रास होणार नाही. आपण वाईट माणसं नाही आहोत."

"मी आहे. मी तिच्यावर खोटं लिहिलंय."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं."

"आता आहे ना."

साहेबांनी चष्मा काढला. "उद्या तुम्ही चौकशीला गेलात तर कंपनीच्या वतीनं जाणार नाही आहात. पत्रावर सही तुमची आहे. बुडालात तर एकट्या बुडाल."

"सही एकटीनंच केली होती," मी म्हटलं. "रजेचा अर्ज टेबलावर ठेवलाय. टिपणाला हात लावाल तर खाली तुमचं नाव घालून परत लिहीन."

बाहेर आल्यावर आधी हिशेब मांडला. घराचे हप्ते आईच्या पेन्शनवर फिटणारे नव्हते. पण त्या क्षणी मला भीतीपेक्षा चीडच जास्त होती, आणि चीड असली की माझं डोकं बरं चालतं. मी सरळ मास्तरांकडे गेले. त्यांनी काही न विचारता पंप खोक्यात भरून दिला.

गुरुवारी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या खोलीत समितीचे तीन जण बसले होते. समोर ती नर्स, इस्त्रीच्या साध्या कपड्यांत, कारण गणवेश घालायला बंदी होती. अध्यक्षबाईंनी माझंच पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसरं वाक्य संपायच्या आत मी उभी राहिले.

"हे चुकीचं आहे. मी लिहिलंय, मला माहीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. मुकादम, कामगार, चिठ्ठी, नवी चिप, न वाचलेलं मॅन्युअल. एका सदस्यानं विचारलं, "म्हणजे कुलूप होतं, पण लागत नव्हतं?"

"लागत होतं. आत माणूस राहिला होता."

पंप मांडला. खाली पाण्याचा ग्लास. मास्तरांनी झोपायची वेळ इतकी आवळून दिली होती की खेपा थोड्याच लागाव्यात. मी नर्सला म्हटलं, "तुम्हीच करा. त्या दिवशी केलंत तसंच." तिनं चार भरला, दोनदा वाचला, बटण दाबलं. अकरा वेळा काही झालं नाही. समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं. बाराव्या वेळी ग्लासात थेंबामागून थेंब पडायला लागले.

 अध्यक्षबाईंनी पुढं वाकून स्क्रीनवरचा चाळीस वाचला. मी नर्सकडे वळून म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ—"

"असली मशीनं इथं किती आहेत?" तिनं मला मध्येच तोडलं.

"सत्तेचाळीस."

"आत्ता, या घडीला, चालू आहेत?"

"हो. स्क्रीन झोपू द्यायची नाही अशी एक सेटिंग आहे, तेवढी केली की धोका टळेल. समितीनं लेखी दिलं की मी—"

ती उठलीच.

"अहो, थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "निर्णय व्हायचाय. तुम्ही अजून निलंबित आहात. वॉर्डात जाता येणार नाही तुम्हाला."

"मग तेही लिहा त्यात," ती म्हणाली आणि दार उघडून चालू लागली.

मी पंप तसाच टाकून तिच्यामागे धावले. जिन्यानं दुसरा मजला, डावीकडे वॉर्ड. दारावरच्या माणसानं तिला अडवायला हात केला आणि तिचा चेहरा बघून मागे घेतला. पहिल्या बेडपाशी तिनं पेशंटच्या कपाळावर हात ठेवला, पंपाच्या स्क्रीनला बोट लावलं, मग स्क्रीनकडे पाठ करून नळीतले थेंब घड्याळावर मोजायला लागली. पूर्ण एक मिनिट. मी सेटिंग बदलून पेन काढलं आणि स्क्रीनवरचा आकडा उतरवायला लागले.

तिनं माझ्या हातातल्या कागदावर हात आडवा धरला.

"तो नाही. मी सांगते तो लिहा."