विमान लीबेनला उतरलं

गॉर्डन थीसनने सोमवारी सकाळी निवृत्ती जाहीर केली. दुपारच्या जेवणापर्यंत नवा कोच कोण होणार ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक झालं होतं, आणि प्रत्येकाचा कोच वेगळा होता. न्हाव्याच्या मते टेक्सासहून कोणीतरी येणार होता. लुथरन चर्चच्या तळघरात कॉफी ओतणाऱ्या बायकांच्या मते ऑलिंपिक खेळलेली एक बाई. धान्याच्या कोठारावरचे लोक तर पगाराचा आकडासुद्धा सांगत होते. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं काही नसतं हे खरं, पण उन्हाळा असता तरी हेच झालं असतं. विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ म्हणजे त्या गावाचा जीव की प्राण. हॉलमध्ये आठ हजार खुर्च्या, आणि तिकिटं मृत्युपत्रात लिहून मुलांना दिली जातात.

मार्लिस सूकपचं नाव प्रत्येकाच्या यादीत होतं. तिसरं किंवा चौथं.

मार्लिस बावीस वर्षं गॉर्डनची सहायक कोच होती. मुली शोधून आणायच्या तिने, चित्रफिती बघून समोरच्या संघाची नस पकडायची तिने, हरल्यावर बसमध्ये रडणाऱ्या पोरींशेजारी जाऊन बसायचं तिने. टाइम-आउटमध्ये गॉर्डन गरजायचा तेव्हा तो जे गरजायचा ते तिने चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात कोंबलेलं असायचं. गर्जना मात्र त्याची, आणि पुतळाही त्याचाच उभारणार होते. मार्लिस आता एकावन्नची होती. ही खुर्ची आता नाही मिळाली तर कधीच मिळणार नाही, हे तिला समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती.

क्रीडासंचालक कर्ट ड्रेसेलने मंगळवारी तिची मुलाखत घेतली. चाळीस मिनिटं. शेवटी म्हणाला, "मार्लिस, तू तर घरचीच आहेस." घरच्या माणसाला लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत, असं ती खोलीतून बाहेर पडताना मनात म्हणाली.

त्याच संध्याकाळी साउथ डकोटातल्या एका छोट्या कॉलेजातून इंगा हाल्वरसनचा फोन आला. इंगा तिथली क्रीडासंचालक, आणि कधीकाळी मार्लिसविरुद्ध खेळलेली.

"मुख्य कोच हवीय मला," इंगा म्हणाली. "हॉल लहान आहे, नऊशे खुर्च्या. छत गळतं. पण संघ तुझा असेल. गुरुवारी बारापर्यंत सांग. दुसरी एक जण वाट बघतेय, तिला मी लटकवून ठेवणार नाही."

"एवढ्या घाईत?"

"बाई गं, बावीस वर्षं झाली. याला घाई म्हणतात होय?"

मार्लिसने विचार करते म्हणून सांगितलं. इथलं कळल्याशिवाय तिला हो म्हणवत नव्हतं.

आता त्या विमानाबद्दल सांगायला हवं. विद्यापीठाकडे आठ जणांचं एक छोटं विमान होतं, गुरांचं खाद्य विकून गब्बर झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेलं. त्याच्या शेपटावरचा नंबर गावातल्या लोकांना पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ. कुठलीही खुर्ची रिकामी झाली की सगळे कामधंदा सोडून नकाशावर ते विमान बघत बसायचे, आणि ते कुठे गेलं त्यावरून चाहत्यांच्या फोरमवर पंचांग मांडायचे. नऊ वर्षांपूर्वी ते दोनदा टल्साला गेलं आणि आठवड्याने फुटबॉलचा कोच टल्साहून आला. तेव्हापासून त्या विमानावर गावाची जी श्रद्धा बसली ती काही उठली नाही.

मार्लिस या लोकांना हसायची. रिकामटेकडे म्हणायची. बुधवारी सकाळी तिनेच दार लावून घेतलं आणि नकाशा उघडला.

विमान सव्वानऊला उडालं. दक्षिणेला गेलं, मग थोडं पूर्वेला वळलं. आणि लीबेनला उतरलं.

लीबेन म्हणजे तीनशे बारा माणसं, एक चर्च, आणि फवारणीच्या विमानांसाठी बांधलेली एक आखूड धावपट्टी. त्या धावपट्टीवरचं गवत कापायचं आणि बर्फ सारायचं काम करतो लॅड सूकप, वय एकोणऐंशी. तो धावपट्टीसमोरच्याच घरात राहतो. मार्लिसचा बाप.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मार्ली, ते आलेत."

"कोण, डॅड?"

"कोण काय विचारतेस? तुमचं विमान आलंय. शेपटावरचा नंबर मी वाचला. अगं, पट्टीवरचा बर्फ मी पहाटेच काढला होता, बरं झालं. दोन माणसं उतरलीत. तुझा तो कर्ट आहे. मी शर्ट बदलतो."

"डॅड, थांबा जरा."

पण लॅडने फोन ठेवला होता.

फोरमवर कल्लोळ माजला. लीबेनचं माणूस या धंद्यात एकच. आणि लीबेनला जायचं कारणही प्रत्येकाला ताबडतोब उमगलं, कारण ती गॉर्डनचीच जुनी रीत होती. कुठलीही मुलगी संघात घ्यायची झाली की तो आधी तिच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसायचा, आईबापांच्या हातचं खायचा, आणि मगच शब्द द्यायचा. बावीस वर्षांपूर्वी मार्लिसला घेतानाही तो लॅडच्या टेबलाशी बसला होता. त्यानंतर त्या बाजूला गेला की जेवायला तिथेच. तेव्हा आता संचालक स्वतः बापाकडे गेला म्हणजे शब्द द्यायलाच गेला, यात कोणालाच शंका उरली नाही. मार्लिसलाही नाही. पोरीसारखी ती दर मिनिटाला नकाशा बघत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

दुपारी लॅडने पुन्हा फोन केला. आवाज एकदम तरतरीत.

"घरात आले नाहीत. घाईत होते. पट्टीवरच्या हँगरमध्येच बसले हीटर लावून. मग मीच थर्मास आणि कोलाचे घेऊन गेलो."

"कुठले कोलाचे? ख्रिसमससाठी भाजलेले ते गोड पाव?"

"ख्रिसमसला पुन्हा करीन. जर्दाळूचे होते, खसखशीचे होते. कर्टने एक खाल्ला. दुसरा एक होता टाय लावलेला, वकील असावा, त्याने हातच लावला नाही. पण तिसरा एक पोरगा होता, मार्ली, गाडीने आलेला, कारकून असावा, फार गुणी. चार खाल्ले त्याने. तुझ्याबद्दल सगळं विचारत होता. सगळं वहीत लिहून घेत होता."

"काय विचारलं?"

"तू मुलींना शिकवतेस कशी, ते. मी सांगितलं, आमच्या कोठाराच्या दारावर खडूने चौकोन काढून ही लहानपणी चेंडू मारायची, अजूनही मुलींना तसेच चौकोन काढून देते. आणि पुढच्या वर्षी तू कुठल्या मुलींच्या मागे आहेस तेही सांगितलं. ती कॅन्ससची उंच मुलगी, आणि त्या जुळ्या बहिणी. म्हटलं, कळू दे त्यांना, तू किती पुढचा विचार करतेस ते."

मार्लिसला ते जरा खटकलं. ती नावं तिने बापाला विश्वासाने सांगितली होती. पण विद्यापीठाच्या कचेरीतला कारकून, त्याला सांगून काय बिघडतं, असं म्हणून तिने सोडून दिलं.

संध्याकाळी जिन्यावर गॉर्डन भेटला. खोकी भरत होता, बगलेत स्पर्धांच्या जुन्या ढाली.

"कोच," ती म्हणाली, "विमान लीबेनला गेलं होतं म्हणे."

गॉर्डनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "विमान काय, कुठेही उतरतं," तो म्हणाला आणि हसला. "धीर धर, मार्ली."

बावीस वर्षांत तो तिच्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता. तिला वाटलं, त्याने डोळ्याने खूण केली. घरी जाऊन तिने काळं जाकीट इस्त्री केलं.

गुरुवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना तिने इंगाला फोन लावला आणि नकार दिला.

इंगाने विचारलं, "तुला लेखी काही मिळालंय?"

"नाही. पण..."

"विमान."

"तूही बघतेस?"

"इथेही सगळे बघतात. आम्हाला तरी दुसरं काय काम आहे?" इंगाने सुस्कारा सोडला. "बरं. तुझं भलं होवो, मार्लिस. मनापासून म्हणतेय."

शुक्रवारी सकाळी कर्टने बोलावलं. ती काळं जाकीट घालून गेली. वाटेत बेकरीवालीने काचेआडून दोन्ही अंगठे उंचावले, आणि मार्लिसने, नको नको म्हणता, हात हलवला.

कर्टच्या खोलीत एक तरुण बसला होता. चौतिशीचा, रुंद खांद्यांचा, गुळगुळीत दाढी केलेला. ती आत येताच तो उठून उभा राहिला.

"मार्लिस, हा कोल्टन रीस," कर्ट म्हणाला. "अकराला पत्रकार येतायत. त्याआधी तुला आमच्या तोंडून कळावं असं आम्हाला वाटलं."

कोल्टन रीसचं नाव फोरमच्या यादीत पहिलं होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात तो सहायक होता. सहा वर्षं. मार्लिसने सहाची आणि बावीसची वजाबाकी केली, का केली तिलाच कळलं नाही.

"मॅडम, मला तुम्हाला स्वतः भेटायचं होतं," कोल्टन म्हणाला. त्याचा चेहरा प्रामाणिक होता, तेच तिला सहन होईना. "तुमच्या वडिलांना भेटलो बुधवारी. असे कोलाचे मी जन्मात खाल्ले नव्हते. ते खडूचे चौकोन मला फार आवडले. तुम्ही माझ्याबरोबर राहिलात तर आपण तिथूनच सुरुवात करू."

मार्लिस खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "तो तू होतास?"

"हो, मॅडम."

"माझ्या बापाला सांगितलंस, तू कोण ते?"

कोल्टनने कर्टकडे पाहिलं. कर्टने टेबलावरचे कागद सारखे केले.

"गुप्त ठेवायचं होतं," कर्ट म्हणाला. "कोल्टनची सासुरवाडी कॅन्ससला, तो गाडीने वर आला, आम्ही खाली गेलो. दुसरीकडे कुठेही उतरलो असतो तर फोरमने दोन तासांत नाव काढलं असतं. लीबेनला उतरलं तर लोक म्हणणार, मार्लिससाठीच. मग पुढचं कोणी शोधणार नाही. आणि कोणी शोधलं नाही, बघ. तुझे वडील बाहेर येतील हे मात्र आमच्या ध्यानात नव्हतं."

"धावपट्टीवर विमान उतरतं आणि लॅड सूकप बाहेर येणार नाही?" ती म्हणाली. "ही अक्कल कोणाची?"

कर्ट थोडा घुटमळला. "गॉर्डनची. तो म्हणाला, मार्लिस समजून घेईल."

ती दाराकडे वळली. बावीस वर्षं तिने समजूनच तर घेतलं होतं. तिच्या आईच्या हातचं भाजलेलं बदक दुसऱ्यांदा मागून घेणारा गॉर्डन, आईच्या दफनाच्या दिवशी लॅडच्या खांद्याला धरून उभा राहिलेला गॉर्डन. त्या अंगणाचा रस्ता त्याला तोंडपाठ होता, म्हणून त्याने तो सुचवला.

गाडीत बसून तिने इंगाला फोन केला.

"काल बारा वाजून दहा मिनिटांनी मी दुसरीला हो म्हटलं गं," इंगा म्हणाली. "रात्री तिने पेट्या भरल्यासुद्धा." मग हळूच, "मला खरंच वाईट वाटतं."

अकराला ती पत्रकारांसमोर पहिल्या रांगेत बसली. न बसून जाणार कुठे? इंगाचा फोन ठेवल्यावर तिने परत जाऊन कोल्टनची सहायक म्हणून राहण्याच्या कागदावर सही केली होती. पलीकडे गॉर्डन बसला होता. त्याने एकदाही मान वळवली नाही. कोल्टन छान बोलला. पुढच्या वर्षीच्या मुलींवर आपली आधीच नजर आहे म्हणाला, कॅन्ससमध्ये एक उंच मुलगी आहे म्हणाला. टाळ्या पडल्या.

तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. डॅड. ती उठून बाहेरच्या बोळात आली. पलीकडून भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता. लॅडने शेजाऱ्यांना टीव्हीपुढे बोलावलं होतं.

"मार्ली, अगं, तो पोरगा का बोलतोय? तो कारकून. तुला कधी बोलावणार आहेत?"

"तो कारकून नाही, डॅड. तोच कोच आहे."

लॅडने टीव्ही बंद केला असावा, कारण सगळं शांत झालं. कोणीतरी खुर्ची सरकवली. तिला वाटलं, तो फोन ठेवून देईल. पण तो तिथेच होता.

"निघताना मी त्याला डबा बांधून दिला," लॅड म्हणाला. "वाटेत भूक लागेल म्हणून."