शिटी न होणारा डाव

मुलांनो, जरा मनात आणा: अंबरनाथच्या बुवापाड्यातलं एक स्वयंपाकघर, गॅसवर डाळीचा कुकर, आणि खाली फरशीवर पोकर खेळायला बसलेले दोघं. एक बारा वर्षांची माया, दुसरा तिचा बुद्धभूषण मामा. पैशांच्या जागी वालाचे दाणे. प्रत्येक डावाआधी एक दाणा मध्ये टाकायचाच. कुकरची शिटी झाली की एकाचे दोन, पुढच्या शिटीला दोनाचे चार.

"टूर्नामेंट अशीच असते," मामा सांगायचा. "भारी पत्त्यांची वाट बघत बसलीस, तर बसल्याबसल्या दाणे संपतात. ढीग लहान झाला ना, की जरा बरे पत्ते दिसताच सगळा ढीग लोटायचा. संपले, की उठायचं."

फोनवर तो अशाच टूर्नामेंट खेळायचा, अधूनमधून जिंकायचाही. पैशांचे ते खेळ सरकारने बंद केले, तेव्हापासून त्याचे हात शिवशिवत होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी दोघं उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये आले. मायाच्या आईचं, शीलाचं, पॅकिंगचं काम सुटलं होतं. घरी जीन्स शिवायला जुनी मशीन मिळाली, तर घर चालणार होतं. जमवलेले सगळे पैसे तिने भावाच्या हाती दिले होते.

मशीनवाला हरेश मामाच्या ओळखीचा. खाली दुकान, वर घर. वर दिवाळीचे पत्ते अजून चालूच होते.

"आओ भूषणभाई! मशीन कुठे पळून चालली? दोन हात खेळ, मग ने."

मामा बसला. मागे स्टुलावर माया. शीलाच्या पैशांतले थोडे देऊन मामाने रंगीत चकत्या घेतल्या. इथे एकेक चकती म्हणजे खरे पैसे.

माया डावामागून डाव बघत राहिली. सुरुवातीला टाकायची चकती एकच होती आणि एकच राहिली. वाढेचना. म्हणजे मामाला नको ते पत्ते टाकून देत निवांत बसता आलं असतं. पण ढीग थोडा उतरला आणि त्याचा गुडघा हलायला लागला. माया तो गुडघा ओळखत होती; सगळा ढीग लोटायच्या आधी तो असाच हलायचा.

"मामा," ती हळूच म्हणाली, "इथे शिटी होत नाही."

"गप बस गं."

"क्या बोली? सीटी?" हरेश हसला. "अरे, भांजीला भूक लागली! हिला शेव द्या कोणीतरी."

सगळे हसले. मायाच्या हातात शेवेची वाटी आली.

पुढच्या डावात मामाला दोन नव्व्या आल्या. त्याने सगळा ढीग पुढे लोटला. हरेशने शांतपणे दोन राण्या उलटल्या. तो मघापासून त्यांचीच वाट बघत बसला होता. त्याला कुठे घाई होती?

"चल ना मामा. संपले की उठायचं, तूच सांगितलंस."

"ते टूर्नामेंटला. हा कॅशचा खेळ, इथे पैसे देऊन चकत्या परत घेता येतात."

इथे घाई नाही हे मामा विसरला होता आणि परत घेता येतात हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून उरलेले सगळे पैसे काढले.

"आणि कधीही उठता पण येतं ना?" मायाने त्याची बाही ओढली. "मामा, ते आईचे आहेत."

"म्हणूनच तर. आता गेलेले तरी परत आणू दे. तिला काय तोंड दाखवू?"

पुढे कितीतरी डाव झाले. नवा ढीग निम्म्यावर आला. इतक्यात जिन्याखालून हरेशच्या भावाची, धर्मेशची हाक आली.

"भूषणभाई! बदलापूरची एक बाई आली आहे, कौसाबाई. तीच मशीन मागते. ठेवू का देऊ?"

"ठेव रे, आलोच!" मामाने मान वळवली नाही. गुडघा पुन्हा हलायला लागला होता. हातातले पत्ते एकदा पाहून त्याने उरलेल्या चकत्यांमागे दोन्ही तळवे टेकवले.

मायाने शेवेची वाटी जमिनीवर ठेवली आणि ती जिना उतरली. खाली कौसाबाई पायाने मशीन चालवून तिचा आवाज ऐकत होती.

"मावशी, तुम्ही घ्या," माया म्हणाली. "आम्ही नाही नेणार."

मग ती रस्त्यावर गेली आणि मशीन न्यायला कौसाबाईसाठी टेम्पो थांबवला.