सॅम्पल फ्लॅटची घरभरणी

गादीवरचा खळगा उशीपासून सुरू होत होता आणि पायथ्याच्या लाकडी कडेला टेकून संपत होता. खांद्याच्या जागी रुंद, कमरेच्या जागी खोल. कोणीतरी डाव्या कुशीवर निजून उठलं होतं आणि त्याला हा पलंग अगदी मापात बसला होता.

रेबेका भिंगारदिवेला खटकलं ते एवढंच. हा पलंग कोणाच्याच मापाचा नव्हता.

मेघमाळ टॉवर नागापूरच्या अलीकडे उभा राहत होता. चौदा मजल्यांचा सांगाडा वर गेला होता, भिंती अजून चालू होत्या. घेणाऱ्याला दाखवायला म्हणून साइट ऑफिसशेजारी जमिनीवरच एक सॅम्पल फ्लॅट बांधलेला होता. पुण्याहून आलेल्या डिझायनरने त्यातली प्रत्येक वस्तू मुद्दाम लहान करून घेतली होती. पलंग लांबीला पाच फूट दोन इंच, सोफा बसका, कपाट उथळ, जेवणाचं टेबल बुटकं. एकाही खोलीला दार नव्हतं, कारण उघडं दार जागा खातं. एक अख्खी भिंत आरशाची. त्यामुळे बेताची खोली चांगली ऐसपैस वाटायची. रेबेकाने फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलेली. हा फ्लॅट दाखवायच्या नोकरीला लागली त्याच दिवशी तिने ही युक्ती ओळखली आणि मनातल्या मनात तिला दादही दिली. गिऱ्हाइकांना ती नेमक्या कोपऱ्यात उभी करायची आणि पलंगावर कोणाला बसू द्यायची नाही. "नवी चादर आहे," म्हणून हसायची.

आता तिने तीच चादर ताणून सारखी केली. वॉचमन हनुमंत असणार नाही, त्याच्या तर पोटऱ्या बाहेर लोंबकळल्या असत्या. स्पंज दबला असेल. उन्हाने, दमटपणाने, कशाने तरी.

मोबाईल वाजला. नवरा, रॉबिन.

"हो म्हणालीस का आबासाहेबांना?"

"बघू."

"बघू, बघू! अगं, बिल्डर स्वतः अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आपल्यासाठी धरून बसलाय. स्टाफ म्हणून देतोय ते भाव पुन्हा नगरमध्ये मिळायचे नाहीत. का आईच्या त्या दोन खोल्यांतच म्हातारं व्हायचंय आपण?"

"संध्याकाळी बोलू," ती म्हणाली. गेले काही महिने ती हेच म्हणत होती. अकराव्या मजल्यावरची खरी खोली तिने पाहिलेली होती. तिथे माणसाच्या मापाचा पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडणार होतं. पण तेवढ्यासाठी घर नाकारावं, असंही तिला वाटत नव्हतं. याहून मोठं त्यांना कधी परवडणारच नव्हतं. हे गेलं तर घरच गेलं.

खळगे पडायला लागले ते बायडाबाई येऊन गेल्यानंतर.

बायडाबाई मिरजगावची. तिचा मुलगा मच्छिंद्र एमआयडीसीत कामाला होता, त्याने सातव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. आईला घर दाखवायला आणलं, तर म्हातारी कळशी, नारळ आणि दुधाची पिशवी घेऊनच जीपमधून उतरली.

"आये, हे आपलं घर न्हाई. हा निस्ता नमुना हाय," मच्छिंद्र कानकोंडा होऊन म्हणाला.

"नमुना कसला? पडदं हायत, भांडी हायत, चार बरूश हायत दात घासायचं. मंग ह्ये कोनाचं घर?"

"कोणाचंच नाही, आजी," रेबेका म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "आसं मांडलेलं घर रिकामं ठिवत्यात व्हय? तुमी लई शिकल्याली मानसं, पर येवढं कळंना?"

रेबेका तिला थांबवणार होती, पण बिल्डर आबासाहेबांनी मागून खूण केली: होऊ द्या. गिऱ्हाईक खूश होतंय, फोटो मिळतोय. ऑफिसात चहा व्हायचा ती इंडक्शन शेगडी त्यांनी स्वतः आणून दिली. ज्या ओट्याखाली पाण्याचा पाइपसुद्धा नव्हता, त्या ओट्यावर बायडाबाईने पूर्वेला तोंड करून दूध उतू घातलं. उंबऱ्यात कळशी ठेवली. मग बाहेर बघून, दारात पाहुणा ताटकळत उभा असावा तशा आवाजात ती म्हणाली, "या. घर तुमचंच हाय. ऱ्हावा सुखानं."

सगळे हसले. रेबेकाही हसली.

त्यानंतर पहिल्यांदा ब्रश ओला दिसला. चारांपैकी एक, मोरीतल्या कोरड्या नळाशेजारी. मग उतू गेलेल्या दुधाचा वास, तोही ओटा तीनदा पुसल्यावर. रेबेकाने प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं आणि ते तिला पुरलंही. पण गिऱ्हाइकांचं काय करणार? बोलत बोलत आत येणारी माणसं बेडरूमपाशी आली की आपोआप आवाज खाली आणायची. एकीने तर चपला हातात घेतल्या.

"कोणी झोपलंय का आत?" तिने कुजबुजत विचारलं.

"नाही हो. या ना."

"मग असू द्या. आम्ही इथूनच बघतो. छान आहे. राहतं घर वाटतंय."

बुकिंग वाढलं. आबासाहेब खुशीत होते. "ताई, तुमच्या बोलण्यात जादू आहे बरं का!" रेबेकाला माहीत होतं, ती हल्ली बोलतच नव्हती.

आणि मग घरी एकदा तिचा हात फळीवरच्या डब्याला पुरला नाही. रोजचाच डबा, रोजचीच फळी. रॉबिनने तो काढून दिला. "काय गं, सलवार जमिनीवर लोळतेय तुझी. नवीन घेतलीस का?" सलवार जुनीच होती.

दुसऱ्या दिवशी ती सॅम्पल फ्लॅटमधल्या टेबलाशी बसली. इथे बसलं की तिचे गुडघे टेबलाला आपटायचे, नेहमीचं होतं ते. आज आपटले नाहीत. खाली हात घालून पाहिलं तर दोन बोटं जागा उरत होती. तिने सुताराची टेप आणली आणि टेबल मोजलं, खुर्ची मोजली, पलंग मोजला. सगळं होतं तेवढंच होतं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि डोक्यावर खूण करायची, एवढं एकच माप राहिलं होतं. ते तिने घेतलं नाही. टेप गुंडाळून ठेवली.

त्याच दुपारी रॉबिन पहिल्या शिफ्टवरून परस्पर साइटवर आला. आबासाहेब त्याला घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्येच शिरले.

"आज काय ते सांगा, ताई. अकराव्याला दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. तुम्ही आपल्या स्टाफच्या म्हणून थांबलो."

"तिचं काय ऐकता साहेब, ती लग्नालासुद्धा वर्षभर बघूच म्हणत होती," रॉबिन म्हणाला. तो खोल्यांतून फिरत होता, आरशात बघत होता. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, इथे राक्षसासारखा दिसत होता. "काय ऐसपैस आहे गं! आईच्या दोन्ही खोल्या मावतील एवढ्यात."

"रॉबिन, तिथे बसू नकोस."

"का? नवी चादर?" तो हसला आणि सरळ आडवाच झाला.

त्याचे पाय पलंगाबाहेर चांगले वीतभर लोंबत होते. रेबेकाला हायसं वाटलं. मोठा होता तो. मावत नव्हता.

"जरा तोकडा आहे," रॉबिन म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, बाकीच्यांचा यायचा तसा. "पण मऊ आहे." त्याने डोळे मिटले. तो हलला नव्हता. डोकं उशीवर होतं तिथेच होतं, गुडघे सरळ होते. तरी त्याच्या टाचा लाकडी कडेवरून हळूहळू आत येत होत्या, पाणी ओसरावं तशा. शेजारी, पलंगाच्या मोकळ्या बाजूला, ताणलेली चादर उशीपासून खाली दबत गेली. कोणीतरी त्याला जागा करून देऊन सरकून निजावं तशी.

"बघ," रॉबिन झोपाळू आवाजात पुटपुटला, "मावतोय की मी."

आबासाहेब पाठमोरे होते, मोबाईलमध्ये. "मग काय लिहू, ताई? हो ना?"

रेबेकाने नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून त्याला ओढून उभं केलं, आणि आजवर या खोलीत जेवढ्या मोठ्याने कोणी बोललं नव्हतं तेवढ्या मोठ्याने म्हणाली, "नको. आम्हाला हे घर नको."