पुसलेले नंबर

आमचे हे तीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. हाताला कसब आहे, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. निवृत्तीनंतर यांना जुन्या रेडिओंचं वेड लागलं आणि हे रेडिओ मंडळात शिरले. मंडळाचा वर्षातून एक मेळावा भरतो. रेडिओ संच स्वतः जोडलेला हवा आणि चारचौघांत वाजायला हवा, एवढीच अट. मागच्या वर्षी यांचा संच वाजला, पण गिरणीसारखा घरघरत. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे ‘एरियल’ म्हणतात, उंचीमुळे आणि चारी दिशांच्या बातम्या पकडतात म्हणूनही. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "दळण कधी न्यायला येऊ?" ते वाक्य यांनी वर्षभर उशाशी घेऊन झोप घालवली.

यंदा पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचा, संच करायचा ठरला. लाकडी पेटी झाली, कॉइल स्वतःच्या हाताने गुंडाळून झाल्या. मेळाव्याला दोन दिवस उरले असताना हे जुन्या बाजारातून बुटांच्या खोक्यात नऊ व्हॉल्व्ह घेऊन आले. प्रत्येकाच्या काचेवर पांढऱ्या रंगात नंबर होता. जोडणीच्या नकाशातले पाचही नंबर त्यात मिळाले, तेव्हा हे शीळ घालत घरभर फिरले.

आणि मग यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. व्हॉल्व्ह धुळकट दिसतात म्हणून स्पिरिट आणि फडकं घेऊन नऊच्या नऊ घासले. काचा लखलखल्या. नंबर फडक्यावर आले.

मी आतल्या खोलीत पडद्यांना टीप घालत होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आले, तर हे त्या फडक्याकडे बघत बसलेले. व्हॉल्व्ह तपासायचा टेस्टर शेजारीच होता, पण त्याला आधी नंबर सांगावा लागतो. विजेचा चुकीचा दाब दिला की आतली तार जळते आणि व्हॉल्व्ह संपला. यांनी दुकानदाराला फोन केला, मग मंडळातल्या दोघांना. तिघांनीही हात वर केले.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"अगं, बल्ब नाहीत ते. तुला काय कळणार त्यातलं?"

आता हे ऐका. लग्नाआधी सहा वर्षं मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात जोडणीवर होते. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या तारेची जाळी बसवायची. दिवसाला एकशे वीस नग, आणि माझ्या टेबलावरून परत आलेला नग महिन्यात एखादाच. पण सदतीस वर्षं हे पाहुण्यांना सांगतात, "ही बल्बच्या कारखान्यात होती." पहिल्यांदा मी दुरुस्त केलं. नंतर सोडून दिलं, पण टोचायचं ते टोचायचंच.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं आणि शिवणाचं भिंग घेऊन खिडकीपाशी बसले.

पहिल्याच्या डोक्यावरचा चांदीचा डाग दुधासारखा पांढरा झालेला. "यात हवा शिरलीय. टाकून द्या." दुसऱ्यात जाळीच नव्हती, नुसत्या दोन पत्र्याच्या डब्या. "हा वीज सरळ करणारा. नकाशातला शेवटचा." तिसऱ्याच्या तळाशी दोन इवल्या वाट्या होत्या, त्यावरून तोही ओळखला. बोटांना सगळं आठवत होतं. मी नंबर सांगत गेले, हे लिहीत गेले, आणि टेस्टरची सुई एकेकाला होकार देत गेली. चौथ्यानंतर यांनी मध्ये बोलणं बंद केलं.

स्पीकरला जोर देणाऱ्या जागेसाठी सारखेच दोन उरले. एकाची सुई जरा जास्त चढली.

"हाच," हे म्हणाले.

मी त्याच्यावर नखाने टिचकी मारली. आत काहीतरी किणकिणलं. "आतली अभ्रकाची चकती सैल आहे. तापला की घरघरेल. दुसरा घ्या."

दुसऱ्याला भिंग लावलं आणि मी थांबले. पायाजवळची पट्टी डावीकडे वळवलेली होती. आमच्या अख्ख्या रांगेत तशी पट्टी एकीचीच असायची. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. डावखुरी म्हणून मुकादम तिला रोज बोलायचा आणि तिचा नग कधी परत यायचा नाही. ती आता कुठे असेल, कोण जाणे. माझे डोळे भरून आले.

"सुई कमी दाखवतेय," हे पुटपुटले.

"मी हा हात ओळखते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग यांनी तो व्हॉल्व्ह बसवला.

मेळाव्यात संच सुरू केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धं मिनिट नुसती शांतता होती. मग निवेदिकेचा आवाज असा स्वच्छ आला, की मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. तासभर वाजला तरी घरघर नाही. एरियल वाकून पेटीच्या मागे डोकावले.

"अहो, एकाही व्हॉल्व्हवर नंबर नाही! अंदाजपंचे लावलेत की काय?"

यांना सहज म्हणता आलं असतं, मला अनुभव आहे म्हणून. मी हातातली पिशवी घट्ट धरून उभी होते.

"अंदाज नाही," हे मोठ्याने म्हणाले. "हिने निवडलेत. व्हॉल्व्हच्या कारखान्यात होती ही, सहा वर्षं, जोडणीवर. मी नंबर पुसून ठेवले, आणि हिने काचेतून आत बघून सांगितले."

सदतीस वर्षांत पहिल्यांदा शब्द न् शब्द बरोबर होता. मला इतका अभिमान वाटला, की क्षणभर कुणाकडे बघावं ते कळेना.

एरियल सरळ उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह काढला. काच लखलखीत, नंबर गायब.

"ताई," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडूनही पुसला गेलाय. जरा बघता?"

यांनी लगबगीने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी पिशवीतून भिंग काढलं.