दादाची दोनळी आणि हवालदारांची चिंच

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली त्या रात्री माझा भाऊ जेवला नाही. तो उमेदवार नव्हता. सरपंच कोण होतं याच्याशी त्याला देणंघेणंही नव्हतं. पण आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, ती निकाल लागेपर्यंत तिथेच राहतात, आणि दादाकडे परवान्याची एक बंदूक आहे.

राजेंद्रदादा सदुसष्ट वर्षांचा आहे. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात त्याची नोकरी झाली. निवृत्तीनंतर तो कुरवंड्यात घर बांधून राहिला आणि जुन्या शिकारी बंदुका व हाताने घडवलेले शिकारी सुरे यांच्या नादाला लागला. शिकार त्याने कधी केलेली नाही. घरात पाल निघाली तर तो मला हाक मारतो. सुरे अकरा आहेत, प्रत्येकाला वेगळा खण आहे आणि खणात ओलावा शोषणाऱ्या पुड्या आहेत. त्या पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर कोरड्या करून देणं हे माझं काम. मी तळेगावला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं धातू तपासले. आता दादाच्या घरात वरच्या खोलीत राहते.

बंदूक मात्र एकच. सव्वाशे वर्षांपूर्वीची विलायती दोनळी, बाहेरून घोडे असलेली, देवळालीच्या एका कर्नलांच्या घरातून आलेली. तिच्या नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून केलेल्या आहेत. त्या पिळाची नक्षी नळीभर दिसते, तपकिरी रंगात, सागाच्या फळीवरच्या रेषांसारखी. त्या काळचे कारागीर नळीला मुद्दाम हळूहळू गंज चढवत, उकळत, पुसत आणि परत चढवत. लोखंड आणि पोलाद वेगवेगळं गंजतं, म्हणून नक्षी उमटते. तो थर केसाहूनही पातळ असतो. तो गेला की नक्षी गेली, आणि नक्षी गेली की दादाच्या मते बंदूक गेली. ती वाजवायची सोय नाहीच. आजच्या काडतुसाचा दाब तिला सोसणार नाही.

आम्ही ती मलमलीत गुंडाळून ठाण्यावर नेली. दादाने सुती हातमोजे घातले होते.

हवालदार माऊली केदारी टेबलाशी होते. पन्नाशीचे, जाड मिशा, वही लिहिताना जीभ किंचित बाहेर. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं.

"दादा, आपरेशन हाय का आज?"

"हाताला घाम असतो. घामात मीठ असतं," दादा म्हणाला.

"असंल बाबा." त्यांनी नळीवरचा नंबर वहीत उतरवला, बंदूक उलटसुलट करून वर्णनाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, चिठ्ठी बांधली आणि पावती दिली.

आमच्या मागे लीलाबाई उभ्या होत्या. त्यांची खाचरं आमच्या घराच्या खालच्या अंगाला आहेत. नवऱ्यामागे पीकसंरक्षणाचा परवाना त्यांच्या नावावर झाला. त्यांची ठासणीची बंदूक त्यांनी युरियाच्या गोणीत आणली होती.

"भात पिकाया आलं न् बंदूक ठान्यात," त्या माऊलींना म्हणाल्या. "डुकरास्नी सांगा, मतदान होस्तवर येऊ नका म्हनावं."

"त्यास्नी बी आचारसंहिता लागू हाय, मावशी."

"तू येऊन सांग त्यास्नी." मग त्या दादाकडे वळल्या. "भाऊ, तुमची वाजती का वो?"

"ती वाजवायची नसते, लीलाबाई."

"मंग?"

"बघायची."

लीलाबाईंनी बंदूक बघितली. पुरेसा वेळ बघितली. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका. माऊली लय भला मानूस. खंडेनवमीला सगळी हत्यारं घासतोय. मागल्या साली परवाना माज्या नावावर होस्तवर माजी हितंच व्हती, अशी घासली, तोंड दिसंल तिच्यात. चिंच लावली, वर राख लावली. पितळंचा तांब्या बी येवढा लखलखत न्हाई."

दादाचा हात माझ्या दंडावर आला.

खंडेनवमीला बारा दिवस होते. दादाने पहिले दोन दिवस अर्ज लिहिण्यात घालवले आणि सगळे फाडले. तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं की हे शास्त्राचं काम आहे आणि शास्त्र शिकलेल्या माणसानेच ते करावं.

"सवे, तू जा. तुझं ऐकतील. तू शांतपणे बोलतेस. फक्त खरं काय ते सांग."

मी गेले आणि खरं काय ते सांगितलं. माऊलींनी खुर्ची दिली, चहा मागवला. चिंचेत आम्ल असतं, मी म्हणाले. ते तांब्यापितळेवरचा काळेपणा काढतं तसा लोखंडावरचा गंजही काढतं. या बंदुकीच्या नळीवर जो तपकिरी रंग आहे...

"तो गंज हाय?" माऊलींचा कप बशीवर थांबला.

"रासायनिकदृष्ट्या, हो. लोहाचा ऑक्साइड."

"सगळ्या नळीवर?"

"सगळ्या."

"ताई, बंदूक माज्या ताब्यात हाय. माज्या सहीनं जमा झालीया. न् तुमी, सोता मालकाची भन, शिकलेल्या, सांगताय की ती गंजलीया?"

"गंजली नाही. गंजवलेली आहे. मुद्दाम."

"कुनी?"

"कारागिरांनी. सव्वाशे वर्षांपूर्वी."

माऊलींनी कप खाली ठेवला. "ते कुटं सापडायचे आता," ते म्हणाले. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या."

मला वाटलं, पटलं. मी लिहून दिलं: नळीच्या संपूर्ण पृष्ठभागावर गंजाचा एकसमान थर आहे. खाली पदवी लिहिली, तारीख घातली, सही केली.

घरी दादाने ते वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं.

"लिहून दिलंस?"

"विचारलं म्हणून."

"अगं, पोलिसाला लिहून दिलंस की त्याच्याकडे ठेवलेली बंदूक गंजलीय! तो आता काय करील?"

मी विचार केला. "साफ करील," मी म्हणाले.

दादा उठून सुऱ्यांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी माऊलींचाच फोन आला. आवाजात आपुलकी होती. ताईंनी वेळेत ध्यानात आणून दिलं म्हणून बरं झालं, नाहीतर परत देताना ठपका आला असता. आता खंडेनवमीला पहिला नंबर दादाच्याच बंदुकीचा. साधी चिंच नाही वापरणार. घरच्या झाडाची, तीन वर्षं जुनी, काळी. ती गंज जास्त काढते.

त्यांचं बरोबर होतं. जुन्या चिंचेने गंज जास्त निघतो. मी दादाला ते सांगितलं नाही.

खंडेनवमीच्या दिवशी दादाने पहाटेच घरातली पूजा उरकली. त्याची पद्धत ठरलेली आहे: पाटावर प्लास्टिक, प्लास्टिकवर मलमल, मलमलीवर अकरा सुरे, आणि फुलं वीतभर लांब. हळदकुंकू शेजारच्या वाटीत, सुऱ्यांना दिसेल असं. त्याने यंदा नमस्कार जरा जास्त वेळ केला. मग आम्ही ठाण्यावर गेलो.

अंगणात सतरंजीवर ठाण्याच्या रायफली मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, उदबत्ती लागली होती. एका बाजूला जमा झालेल्या बंदुका होत्या आणि सगळ्यांत पुढे, स्टुलावर, दादाची दोनळी होती. तिच्याजवळ पातेलं होतं. पातेल्यात चिंच भिजत होती. माऊलींनी बाह्या सारल्या होत्या.

"या दादा. तुमचीच वाट बघत होतो. मालकापुढं केलेलं बरं."

"हवालदारसाहेब," दादा म्हणाला, "मी तुमच्या पाया पडतो."

"अवो, अवो! येवढं काय त्यात! पैसं थोडंच घेतोय मी."

"घासू नका. आहे तशी राहू द्या."

"गंजलेली?"

"गंजलेली."

माऊलींनी माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे डॉक्टर बघतो तसं.

लीलाबाईही आल्या होत्या, हातात कोयता आणि परडीत झेंडू. "हवालदार, म्या एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "मागल्या साली तू माजी घासलीस. लय चकाकली. पर पुढल्या पावसात दुप्पट गंजली बघ. आदी कदी अशी न्हवती गंजत."

"मावशी, तुमी तेल लावलं नसंल."

"खोबऱ्याचं लावलं की. डोक्याचं ऱ्हायलं, बंदुकीला लावलं."

उघडा पडलेला धातू जास्त लवकर गंजतो, हे मला सांगता आलं असतं. पण या ठाण्यात मी शेवटचं शास्त्र सांगितलं त्याचा परिणाम पातेल्यात भिजत होता.

माऊलींनी वही मागवली. काम नियमाने व्हायला हवं होतं: आधी नोंद, मग चिंच. त्यांनी दादाच्या बंदुकीचं पान काढलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि आधीची नोंद मोठ्याने वाचली.

"दोनळी, घोड्याची. नळीचा रंग तपकिरी, त्यावर वळणावळणाची नक्षी." ते खाली लिहू लागले, "सदर बंदुकीचा गंज..."

"घासल्यावर रंग कोणता होईल, हवालदार?" मी विचारलं.

"पांढरा. चांदीवानी."

"आणि नक्षी?"

"ती बी निगंल. आरशावानी करतो बघा."

"मग निकालानंतर परत देताना या नोंदीशी काय जुळवायचं?"

पेन थांबलं. माऊलींनी नोंद पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. ओठ हलत होते. जमा झाली तपकिरी नक्षीची बंदूक. परत जाणार पांढरी, बिननक्षीची. मधल्या काळात ती त्यांच्या ताब्यात. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तो नळीवर पडू नये म्हणून दादाने पटकन आपला मोजा मधे धरला.

माऊलींनी पातेलं पायाने हळूच मागे सारलं.

"पर ताई, तुमी गंजाचं लिहून दिलंय. तो कागद फायलीला लागला. त्याचं काय?"

"दुसरा देते."

"काय लिवनार?"

ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. शब्द माऊलींचे, शुद्धलेखन माझं: सदर गंज मूळचा असून तो मालकास हवा आहे. मी सही केली. मालक म्हणून दादाने सही केली. साक्षीदार म्हणून लीलाबाईंनी सही केली, आणि करताना म्हणाल्या, "आमच्याकडं बी हाय ढीगभर. हवा आसंल तर न्या."

दादा हसला. बारा दिवसांनी पहिल्यांदा.

"पर कुंकू लागनार," माऊली म्हणाले. "आज बिनकुंकवाचं हत्यार पूजेत ऱ्हात न्हाई. मी ते कुनाचंच ऐकनार न्हाई."

कुंकू ताटात होतं, पाण्यात कालवलेलं. दादाचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माऊलींनी पाहिलं. लीलाबाईंनीही कोयत्याला फूल वाहता वाहता पाहिलं.

"सवे? कुंकवाने काही होतं का?"

कुंकू हळदीला चुना देऊन केलेलं असेल तर ते आम्ल नसतं आणि लोखंडाला त्याची बाधा नाही. पण बाजारात मिळतं ते तसंच असेल असं नाही. त्यात कुठला रंग आहे, पाणी कुठलं आहे, ओल किती वेळ राहील, यावर उत्तर अवलंबून होतं. आयुष्यभर मी अशा प्रश्नांना निदान अर्ध्या पानाचं उत्तर दिलं आहे.

"काही होत नाही," मी म्हणाले.

दादाने उजव्या हाताचा मोजा काढला. बोट कुंकवात बुडवलं, बराच वेळ झटकलं आणि नळीच्या तोंडाजवळ, वरच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावला. मग डोळे मिटून हात जोडले. माऊलींनी घंटा वाजवली.

निघताना मी कुंकवाच्या पुडीतलं चिमूटभर कोरडं कुंकू कागदात बांधून घेतलं. घरी ते पाण्यात कालवून तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी हिरवट निळी झाली. आम्ल नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते, फक्त तपासण्याआधी बोलले होते.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बंदूक आणायला गेलो. लीलाबाई आमच्या आधी येऊन आपली घेऊन गेल्या होत्या. माऊलींनी वही उघडली आणि एकेक शब्दावर बोट ठेवून जुळवणी केली. दोनळी, बरोबर. घोड्याची, बरोबर. रंग तपकिरी, बरोबर. वळणावळणाची नक्षी, बरोबर. मग ते नळीच्या तोंडाशी वाकले. कुंकू नक्षीच्या खाचेत बसून वाळलं होतं.

"ते मी घरी पुसतो," दादा घाईने म्हणाला. "तेलाच्या बोळ्याने निघेल."

"थांबा." माऊलींनी वर्णनाच्या रकान्यात भर घातली: तोंडाजवळ लाल ठिपका, एक. "सही करा."

दादाने सही केली.

"आता पुसू नका बरं का, दादा. झेडपीची निवडनूक तोंडावर हाय. तुमी परत येनार, म्या परत हितंच, न् वर्णन जुळलं पायजे."

दादा मोजे घातलेल्या हातांत बंदूक धरून उभा राहिला. मी शास्त्राचं काहीतरी म्हणेन म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मलमल पुढे केली.

ती आता पुन्हा त्याच्या कपाटात आहे. दर रविवारी तो नळ्यांना तेल लावतो, आणि तोंडाजवळ आला की कापूस सोडून कान कोरायची बारीक काडी घेतो आणि ठिपक्याच्या कडेकडेने फिरवतो.