बाक नियमानुसार

"समुद्रासमोर उभं राहिलं ना, की माणसाला आपलं दुःख केवढंसं वाटायला लागतं," असं मुलीनं दोन्ही हात पसरून जाहीर केलं, तेव्हा तिचे वडील समुद्राकडे पाठ करून पाय धुण्याच्या नळापाशी वाकले होते.

"याचा वायसर गेलाय," ते म्हणाले.

राज्यातल्या सार्वजनिक किनाऱ्यांचे निरीक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. किनारे एकोणचाळीस, प्रत्येकाची वर्षातून एकदा पाहणी. नळ, स्वच्छतागृह, सूचनाफलक, बाक, बुडणाऱ्याकडे फेकायचं रबरी कडं. तपासायचं ते सगळं जमिनीच्या बाजूला. समुद्राला त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्यामुळे किनारा त्यांनी सगळा पाहिला होता. समुद्र बहुतेक मागून ऐकला होता.

बायको जाऊन दोन महिने झाले होते. त्या दिवसापासून ते वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, भेटायला येणाऱ्यांना खुर्ची पुढे करत. डोळ्यांतून टिपूस नाही आणि तिच्याबद्दल तोंडातून अक्षर नाही. मुलगी दातांची डॉक्टर. रोज वीस अनोळखी माणसांना तोंड उघडायला लावणाऱ्या तिनं बापापुढे मात्र हात टेकले होते. सोमवारी तिची रजा संपत होती, आणि असं त्यांना एकटं सोडून जायला तिचं मन धजेना. शेवटचा उपाय म्हणून तिनं त्यांना गाडीत घातलं होतं. चार दिवसांतला हा अकरावा किनारा.

"बाबा, आईबद्दल काहीतरी बोला ना. रागवा तरी. भांडा."

"कोणाशी?"

"माझ्याशी भांडा."

"तू काय केलंयस?"

त्यांनी हे अगदी मनापासून विचारलं. दाढेला भूल दिलेला पेशंट जसा, गाल आपलाच आहे ना, म्हणून चाचपून बघतो, तसे ते अधूनमधून छातीवर हात नेत आणि वाटेत मन बदलून तो खिशात घालत. आत्ताही घातला.

चौकीतून म्हातारा रखवालदार धावत आला.

"साहेब! तुम्ही रिटायर झालात ना?"

"झालो. पाहणी नाही. सहज आलोय."

"सहज?" साहेब पोहायच्या चड्डीत आल्यासारखा रखवालदाराचा चेहरा झाला.

"तक्रारवही आहे?"

आता कसं ओळखीचं वाटलं. रखवालदारानं वही आणली. पुठ्ठ्यावर कपाचे गोल डाग पडले होते. निरीक्षकांनी ती मागच्या पानांवरून चाळली, म्हातारी माणसं जुना अल्बम चाळतात तशी. आपला शेरा दिसला की थांबत, आपलीच सही न्याहाळत आणि पान उलटत.

एका पानावर ते थांबले ते थांबलेच.

"येथील बाक समुद्राकडे पाठ करून बसवला आहे. बसणाऱ्यास फक्त सूचनाफलक दिसतो. कृपया फिरवावा. – एक नागरिक." खाली त्यांच्या हातचं : "पाहणी केली. बसणाऱ्यास सूचना वाचता याव्यात, असा नियम आहे. बाक नियमानुसार. तक्रार निकाली."

पुढचं वर्ष. तेच निळं अक्षर. "तक्रार निकाली निघाली, बाक तसाच आहे." खाली : "निकाली."

त्याच्या पुढचं. "सूचना पाठ झाल्या. निरीक्षकांनी एकदा बाकावर बसून पाहावे." खाली : "निरीक्षकांस कामाच्या वेळेत बसण्याची मुभा नाही."

हा नागरिक त्यांना चांगला आठवत होता. कचेरीत त्यांनी त्याच्यावर हशाही पिकवला होता. ते तक्रारीतला मजकूर वाचत. अक्षर कोणाचं, हा प्रश्न नियमात नव्हता. आणि हेच अक्षर, प्रत्येक 'ल' शेपूट उचलून बसलेला, एकतीस वर्षं त्यांच्या दौऱ्याच्या बॅगेत सगळ्यात वर, चिठ्ठीवर असायचं : मोजे तीन जोड, रुमाल सहा, गोळी विसरू नका.

मुलीनं खांद्यावरून वाकून पाहिलं. "बाबा, हे तर आईचं..."

"साहेबांच्या घरचंच माणूस होतं होय?" रखवालदार म्हणाला. "मला काय ठाऊक! तुमची गाडी येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी बसनं यायच्या. वर्षातून एकदा, पण चुकायच्या नाहीत. पिशवी बाकावर ठेवायच्या आणि स्वतः खाली वाळूत बसायच्या, पार शेवटच्या बसपर्यंत. मी म्हटलं, बाई, लिहीत काय बसता, एक दिवस आधी या, साहेबांनाच गाठा. तर म्हणाल्या, नको, साहेब कामात असतात."

"मलाही न्या, म्हणायची," निरीक्षक म्हणाले.

दोन महिन्यांतलं तिच्याबद्दलचं हे पहिलं वाक्य.

"मी म्हणायचो, सरकारी दौरा आहे."

त्यांनी वही मिटली, वरची धूळ बाहीनं पुसली, रखवालदाराच्या हातात दिली आणि ते खाली चालू लागले. बाकापाशी ते रेंगाळले नाहीत. ओली वाळू सुरू व्हायच्या जरा अलीकडे त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि इस्त्रीच्या पँटसकट बसकण मारली. बूट पायात तसेच.

मुलगी धावत येऊन शेजारी बसली. तिचे डोळे केव्हाच वाहू लागले होते. वडिलांचे कोरडेच होते, पण ते समोर बघत होते. एक लाट येऊन गेली की दुसरीकडे, कोणी नावं पुकारत असल्यासारखे. हात छातीशी गेला आणि या वेळी तिथेच राहिला. तिला वाटलं, आता. आता बांध फुटणार. तिनं पर्समधला रुमाल काढून तयार ठेवला.

बऱ्याच वेळानं ते तिच्याकडे वळले. त्यांनी घसा खाकरला.

"अगं," ते म्हणाले, "मला इथून उठता येणार नाही. हात दे."

ती लगबगीनं उभी राहिली.

"आत्ता नको," ते म्हणाले. "जाताना."